माल कुणाचा, जोखीम कुणाची

घणसोली गावात पैसा आला तो जमिनीतून. फेब्रुवारी १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ८६ गावांच्या जमिनी संपादित करण्याची अधिसूचना निघाली, मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरं, खाडीकाठची खारजमीन हातची गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात जासई-उरण भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना पदरात पडली. भूखंड विकून किंवा बिल्डरला देऊन ज्यांच्या हातात एकरकमी पैसा आला त्यांनी तो घरात, दागिन्यांत, लग्नकार्यांत, बँकेत आणि भिशीत घातला. आता तिसऱ्या पिढीच्या मोबाइलवर ब्रोकरचं ॲप आहे. शेअरच्या शेजारी तिथे सोनं, चांदी, कच्चं तेल आणि नैसर्गिक वायूचे भाव रात्री साडेअकरापर्यंत हलत असतात.

ज्या घराकडे आता विकायला भात नाही, मीठ नाही, साठवायला कोठार नाही, त्या घराने कमोडिटी बाजारात बचत घालावी का? माझं मत आधीच सांगतो. हा बाजार ज्यांच्याकडे माल आहे किंवा ज्यांना माल लागतो, त्यांची जोखीम हलवण्यासाठी उभा राहिला. बिनमालाचा माणूस त्यात शिरतो तेव्हा तो दुसऱ्या कुणाची जोखीम अंगावर घेत असतो. ती कुणाची, किती आणि कशाच्या बदल्यात, हे सांगता येत नसेल तर त्याने वायद्याच्या वाटेला जाऊ नये. सोन्या-चांदीतली बेताची गुंतवणूक हा वेगळा विषय आहे. त्याकडे पुढे येतो.

बाजार समजून घ्यायला आम्हाला लांब जावं लागत नाही. घणसोलीहून लोकलने कोपरखैरणे सोडलं की तुर्भे, आणि तिथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती. मुंबईतला घाऊक कांदा-बटाटा १९८१ मध्ये इकडे हलला, फळं आणि भाजीपाला १९९६ मध्ये. हा हजर बाजार. माल समोर असतो, भाव आज ठरतो, पैसे आजच्या भावाने मिळतात. इथलं सगळ्यात बोलकं कागदपत्र म्हणजे शेतकऱ्याला आडत्याकडून मिळणारी पट्टी. वर नाव आणि गाव, खाली गोण्या, वजन, भाव. मग त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई वजा होत होत तळाशी उरलेला आकडा. नाशिक-पुण्याकडून रात्रभर ट्रक आला आणि त्या पहाटे आवक जास्त निघाली, तर भाव पडतो. शेतकऱ्याने खर्च केलेला असतो चार महिने आधी. बियाणं टाकल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत भावाचं काय होईल, ही सगळी जोखीम त्याची एकट्याची. कमोडिटी शिकवणाऱ्या वर्गांत तक्त्यांवर रेघा मारायला शिकवतात; नवशिक्याने त्याआधी अशा दहा पट्ट्या नीट वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारा सौदा, ही जोखीम वाटून देतो. उदाहरण हळदीचं घेऊ, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि तिचा वायदा एनसीडीईएक्स या एक्स्चेंजवर चालतो. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतकडच्या शेतकऱ्याने जूनमध्ये लागवड केली. माल शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडणार. समजा, नोव्हेंबरमध्ये एप्रिलचा वायदा क्विंटलला १४,००० रुपये दाखवतो आणि हा भाव त्याला परवडतो. त्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीने एक लॉट, म्हणजे ५ टन, वायद्यात विकून ठेवला. एप्रिलमध्ये भाव १२,००० झाला तर बाजारात माल विकताना क्विंटलमागे दोन हजार कमी येतील, पण वायद्यात तेवढेच सुटतील. भाव १७,००० झाला तर बाजारात तीन हजार जास्त मिळतील, वायद्यात तेवढे जातील. दोन्ही वेळी हाती चौदा हजारांच्या आसपास. बियाणं घेताना, मजुरी देताना, कर्ज काढताना ज्याला हा आकडा धरून चालता येतं त्याला झोप लागते.

पण या उदाहरणात एक मेख आहे. भाव वर गेला तर तोट्याचे पैसे वायद्यात रोजच्या रोज भरावे लागतात, माल विकण्याची वाट कुणी पाहत नाही. १७,००० च्या हिशेबाने एका लॉटवर दीड लाख रुपये होतात, आणि हळद तेव्हा शेतात किंवा वाळवणावर असते. एकट्या शेतकऱ्याकडे तेवढी रोकड कुठून येणार? शेतकरी कंपनी आणि तिच्यामागे उभी राहणारी बँक नसेल तर छोट्या शेतकऱ्यासाठी वायदा कागदावरच राहतो. ऑप्शनमध्ये ठरावीक प्रीमियम भरून किमान भाव बांधता येतो आणि रोजची भरणी टळते. शेतकऱ्याला तोच मार्ग जास्त सोयीचा आहे.

दुसरी मेख मालाच्या जातीची. हळदीचा वायदा मुख्यतः निजामाबादच्या मालावर बेतलेला असतो. सांगलीच्या बाजारात मान राजापुरी हळदीचा. दोन्ही भाव एकाच दिशेने चालतात, पण पावलाला पाऊल लावून नाही. हा फरक कधी शेतकऱ्याला तारतो, कधी मारतो. सांगलीला हे नवं नाही. तिथे मसाले आणि तेलबियांचं स्वतंत्र वायदा एक्स्चेंज होतं आणि हळदीचे सौदे देशभर ऐकले जात. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली होती. तोंड अरुंद, आत माणूस उतरेल एवढी खोली, तिथल्या घट्ट मातीत कोरलेली. हळद भरून तोंड बंद केलं की कीड लागत नसे आणि माल वर्षानुवर्षं टिके. व्यापारी पेवातला माल न हलवता नुसता कागद हातोहात विके, बँका त्या कागदावर कर्ज देत. आज गोदाम नियामक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली जी इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती निघते, तिचं सगळं तत्त्व या पेवांत होतं. २००५ च्या महापुराने बरीच पेवं बाद झाली.

जे टिकतं, ज्याची प्रत ठरवता येते, त्याचाच वायदा चांगला चालतो. कांद्याचा वायदा आपल्याकडे चालत नाही, यामागे हे कारण आहे. अमेरिकेत तो चालत होता. १९५५ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी शिकागोच्या बाजारात बहुतेक सगळा कांदा ताब्यात घेतला, आधी भाव चढवला, मग मंदीचे सौदे करून बाजारात माल ओतला. शेतकऱ्यांच्या कांद्याची किंमत गोणीच्या किमतीखाली गेली. १९५८ मध्ये अमेरिकी संसदेने कांद्याच्या वायद्यावर कायद्यानेच बंदी घातली, आणि ती आजही आहे.

मुंबईने असा अनुभव त्याच्या सुमारे नव्वद वर्षं आधीच घेतला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदांसारख्या दलालांच्या हातात मावेना एवढा पैसा खेळू लागला. तो कापसातून समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गेला, आणि बरेचसे सौदे पुढच्या तारखेचे होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं. १ जुलै १८६५ ला हे मुदतीचे सौदे पुरे करायचे होते, आणि देणाऱ्यांकडे पैसे नव्हते. पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. शहरातल्या दलालांची कहाणी बहुतेकांना माहीत असते. गावाकडची कमी सांगितली जाते: चढ्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज शेतकऱ्याच्या मानेवर तसंच राहिलं. दख्खनमध्ये १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, त्यांच्या कारणांत हा कोसळलेला कापूस होता. त्याच १८७५ मध्ये मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली. भारतातल्या संघटित वायदेबाजाराचा इतिहास तिथून मोजतात.

कापसाच्या भावाची आणखी एक शाखा फुटली, आणि ती मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक वस्तीत पोहोचली. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला सुरुवात झाली आणि मटका जन्मला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे तिथूनच राहिले. आकड्यापायी घरं धुऊन निघाल्याचं आमच्या पट्ट्यात वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून वायदा म्हटलं की त्यांच्या मनात पहिल्यांदा सट्टाच येतो, आणि त्यांना दोष देता येत नाही.

सरकारच्या मनातही तेच होतं. १९५२ चा वायदा करार कायदा आला, १९५३ मध्ये वायदे बाजार आयोग बसला, आणि साठच्या दशकात टंचाई वाढली तसे कापसासह बहुतेक वायदे बंद झाले. १९९४ च्या काब्रा समितीनंतर वारं फिरलं. २००३ मध्ये बंदी उठली, त्याच नोव्हेंबरमध्ये एमसीएक्स आणि डिसेंबरमध्ये एनसीडीईएक्स सुरू झाली. दोन्हींची मुख्यालयं मुंबईत. ढोबळ वाटणी अशी की सोनं, चांदी, धातू आणि ऊर्जा एमसीएक्सवर, शेतमाल एनसीडीईएक्सवर. २८ सप्टेंबर २०१५ ला आयोग सेबीत विलीन झाला. म्हणजे शेअर आणि कमोडिटी यांचा रखवालदार आता एकच.

आता गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहू. शेअर हा चालत्या धंद्यातला वाटा असतो; धंदा कमावतो, लाभांश देतो, वाढतो. सोन्याची वीट किंवा तेलाचं पिंप काही कमावत नाही. भाव चढला तरच फायदा. वायद्यात तर एकाचा नफा हा नेमका दुसऱ्याचा तोटा असतो, आणि दोघांच्या खिशातून दलाली, कर आणि एक्स्चेंजचं शुल्क जातं. समोर जो बसलेला असतो तो बहुधा सराफ, धातूचा आयातदार किंवा मोठी संस्था. तो या धंद्यात मुरलेला असतो, आणि त्याच्याकडे प्रत्यक्ष माल असल्यामुळे वायद्यातला तोटा त्याला दुसरीकडे भरून मिळतो.

मार्जिनचा, म्हणजे सौदा करताना आधी भरायच्या रकमेचा, हिशेब एकदा कागदावर मांडावा. दहा ग्रॅमला एक लाखाचा भाव धरा. सोन्याने हा टप्पा एप्रिल २०२५ मध्ये गाठला. गोल्ड मिनी या छोट्या वायद्याचा लॉट १०० ग्रॅमचा, म्हणजे सौदा दहा लाखांचा. मार्जिन दहा टक्के धरलं तर लाखभर रुपयांत तो हाती येतो. रात्री अमेरिकेत व्याजदराची बातमी आली आणि भाव तीन टक्क्यांनी उतरला, की तीस हजार गेले. सोनं तीन टक्के पडलं, तुमचं भांडवल तीस टक्के. सकाळी दलालाचा निरोप येतो: पैसे भरा, नाहीतर सौदा कापतो. चार दिवसांनी भाव परत वर आला तरी ज्याचा सौदा कापला गेला त्याला त्याचा उपयोग नाही. सरकारी निर्णयाचा फटका तर याहून मोठा बसू शकतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, आणि वायद्यात सोनं त्याच दिवशी पाच टक्क्यांहून जास्त घसरलं. आणि मुदत संपेपर्यंत सौदा धरून ठेवला तर सोन्याची डिलिव्हरी सक्तीची आहे, हे कित्येकांना मार्जिन वाढल्यावर कळतं.

कच्च्या तेलाची २० एप्रिल २०२० ची रात्र प्रत्येक नव्या माणसाला सांगायला हवी. टाळेबंदीत जगाचं तेल वापरणं थांबलं होतं, अमेरिकेतल्या टाक्या भरत आल्या होत्या, आणि मे महिन्याच्या वायद्याची मुदत संपत होती. ज्यांच्याकडे तेल ठेवायला जागा नव्हती ते पैसे देऊन सुटका करून घेऊ लागले. तिकडचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आपल्याकडे एमसीएक्स टाळेबंदीमुळे संध्याकाळी पाचलाच बंद होत होती. भाव कोसळला तो आपल्या रात्री, विकून बाहेर पडायला दार उघडं नव्हतं. शेवटी सौद्यांचा निपटारा उणे २,८८४ रुपये पिंप या भावाने झाला. लॉट १०० पिंपांचा. हजाराच्या आसपास घेतलेल्या माणसाला एका लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर भुर्दंड, मार्जिन त्याच्या एका कोपऱ्याएवढं. 'भाव शून्याखाली थोडाच जाणार' एवढ्या एका समजुतीवर त्याने तेल घेतलेलं होतं.

भाव न हलताही पैसा बुडतो, हे नॅशनल स्पॉट एक्स्चेंजने दाखवलं. गोदामात साखर, एरंडेल, लोकर असा माल आहे, तो आज विकत घ्या आणि पंचवीस दिवसांच्या सौद्याने चढ्या भावाने विका, असे जोडसौदे तिथे विकले जात. परतावा वर्षाला १४-१५ टक्के, तोही जणू पक्का. मुंबईतल्या नावाजलेल्या दलालांनी ते मुदत ठेवीसारखे विकले. ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले आणि गोदामं पाहिली गेली तेव्हा बऱ्याच ठिकाणी माल नव्हताच. सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटींच्या आसपास रुपये अडकले. पुढे महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा या प्रकरणाला लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलं. म्हणजे नुसतं तेवढं ठरायलाच जवळपास नऊ वर्षं गेली. पक्का परतावा आणि कमोडिटी हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिथून उठावं.

शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या पुढे. तो अभ्यास कमोडिटीचा नव्हता, पण इथेही मार्जिनचं गणित तेच आणि समोरची माणसंही तशीच मुरलेली. वेगळा निकाल लागावा असं कारण मला दिसत नाही.

मग ज्याला महागाईपासून थोडं संरक्षण हवं त्याने काय करावं? मार्जिनवर काही घेऊ नये, पूर्ण पैसे भरून सोनं घ्यावं, आणि तेही एकूण बचतीच्या छोट्या भागापुरतं. आमच्या घरांत सोनं दागिन्यांच्या रूपाने आधीच भरपूर असतं. लग्न-हळदीला अंगावर घालायचं सोनं हा वेगळा हिशेब, त्यात घडणावळ जाते आणि मोडताना घट धरली जाते. गुंतवणुकीपुरतं पाहिलं तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता येणारा सोन्याचा फंड (भारतात २००७ पासून), सरळ आणि स्वस्त पडतो. चांदीचे ईटीएफ २०२२ पासून आहेत, पण चांदी सोन्यापेक्षा कितीतरी जोरात वर-खाली होते. सरकारी सुवर्णरोखे उत्तम होते, वर व्याजही मिळे, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघाले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, तिथे किंमत तपासून घ्यावेत. मोबाइलवर दहा रुपयांपासून मिळणाऱ्या 'डिजिटल गोल्ड'वर सेबीचं नियंत्रण नाही, असा इशारा सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तिकडे जाऊ नये.

डब्बा ट्रेडिंगबद्दल एवढंच पुरे: सौदा एक्स्चेंजवर न नोंदवता वहीत किंवा बनावट ॲपवर घेतला जातो, तो बेकायदा आहे, आणि जिंकलात तरी पैसे मागायला दाद नाही. ब्रोकर सेबीच्या यादीत आहे का आणि एक्स्चेंजकडून थेट मोबाइलवर सौद्याचा संदेश येतो का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात.

हे सगळं लिहूनही वायदेबाजार बंद करा, असं मी म्हणणार नाही. उलट गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी अडचण बंदीचीच. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने गहू, बासमती सोडून इतर भात, हरभरा, मोहरी, सोयाबीन, पामतेल आणि मूग यांचे वायदे एका वर्षासाठी थांबवले. कारण महागाईचं. ती मुदत वाढवत वाढवत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली गेली. लातूर-अकोल्याच्या सोयाबीन उत्पादकाला त्या काळात पेरणीच्या वेळी पुढच्या भावाचा अंदाज देणारा एकही खुला आकडा देशात राहिला नाही. तूर तर २००७ पासून बाहेर आहे, आणि म्हणून तुरीच्या भावाचे झोके थांबले असं कुणी म्हणू शकणार नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने वायद्याची बाजू सातत्याने घेतली ती यासाठीच: भाव पडताना शेतकऱ्याला कुणी वाचवायला येत नाही, आणि चढायला लागला की सरकार आडवं येतं. सट्टेबाजी आवरायला मार्जिन वाढवता येतं, एकेकाच्या सौद्यांवर मर्यादा घालता येते, डिलिव्हरी सक्तीची करता येते. ही हत्यारं सेबीकडे आहेत.

सध्या शेतकऱ्याच्या हातात जे आहे ते तारण. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. सुगीत भाव पडलेला असताना विकायची घाई त्यामुळे टळते. पण सहा महिन्यांनी भाव काय असेल, हे सोयाबीनवाल्याला त्या गोदामाच्या दारात कुणी सांगू शकत नाही.